कोकणातल्या घरगुती निवासाचा हंगाम: खोल्या कधी भरतात, कधी रिकाम्या राहतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमच्या वाडीत चार खोल्या आहेत. नव्याने खोल्या बांधणारे गाववाले आणि 'कोकणात एखादं घर घेऊन भाड्याने द्यावं म्हणतोय' असं म्हणणारे पुण्या-मुंबईचे लोक फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून काढलंय. आकडे जिथे 'समजा' म्हणून दिलेत तिथे ते समजायचेच आहेत. आपापली वही काढून आपले आकडे घालावेत.

कोकणातला सीझन नेमका कधी असतो?

सगळे मे महिना सांगतात. ते खरंच आहे, पण अर्धं. किनाऱ्यावर सलग असा सीझन नसतो, सुट्ट्यांची ढेकळं असतात आणि मध्ये मोकळी जमीन.

पहिलं ढेकूळ दिवाळीचं. त्यातही लोक दिवाळीत येत नाहीत, दिवाळी आटोपून येतात. फराळ, पाडवा, भाऊबीज घरी करायची आणि मग चिवड्याचा डबा गाडीत टाकून निघायचं. आमच्याकडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली गाडी अंगणात येते, ती शाळा उघडेपर्यंत रीघ लागते. दुसरं नाताळ ते ३१ डिसेंबर. मग २६ जानेवारीची जोडून सुट्टी आली तर ती. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी परीक्षा, त्यामुळे मुलंबाळंवाली कुटुंबं गायब. शिमग्याला गावात माणूस मावत नाही, पण ते सगळे आपलेच. एप्रिलच्या अखेरीला शाळांच्या परीक्षा संपल्या की मे सुरू, आणि मृगाच्या तोंडाशी बाजार उठतो.

मला इतक्या वर्षांत एक गोष्ट पटलीय. हा हंगाम समुद्र ठरवत नाही, शाळेचं वेळापत्रक ठरवतं. हवा सगळ्यात सुंदर असते ती डिसेंबर-जानेवारीत. दापोली डोंगरमाथ्यावर असल्यामुळे तिथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. लोक 'मिनी महाबळेश्वर' म्हणतात ते उगाच नाही. खाली किनाऱ्यावर दिवसा ऊन सोसवतं, समुद्र शांत असतो, डॉल्फिन दिसतात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत मंगळवारी आमच्या चारही खोल्यांना कुलूप असतं. लोक येतात मेमध्ये, जेव्हा वाळूवर पाय ठेववत नाही.

शनिवार-रविवार फुल्ल जातो. म्हणजे धंदा चांगलाच म्हणायचा ना?

चांगला दिसतो. हिशेब करून बघा.

वर्षाच्या ३६५ रात्री, त्यात शनिवारच्या ५२. पुण्याहून किंवा मुंबईहून दापोलीला यायला घाट, ट्रॅफिक, चहापाणी धरून सहा-सात तास सहज जातात. म्हणून साध्या शनिवार-रविवारी गिऱ्हाईक शनिवारी दुपारी उतरतं आणि रविवारी जेवून निघतं. एकच रात्र! वर्षातला प्रत्येक शनिवार चारही खोल्या भरल्या तरी वर्षाच्या एकूण रात्रींपैकी १४ टक्केच विकल्या गेल्या. शुक्रवारही भरला तर २८ टक्के. त्यातही पावसाळ्यातले निम्मे शनिवार तुम्हाला मिळणार नाहीत.

जोडून सुट्टीचं महत्त्व याच्यासाठी. सोमवार किंवा शुक्रवार जोडून आला की एकाच्या दोन रात्री होतात, आणि चादरी धुणं, बाथरूम घासणं, चाव्या देणं हा खटाटोप एकदाच करावा लागतो. नवीन दिनदर्शिका हातात आली की मी आधी राशिभविष्य नाही, लाल तारखा कोणत्या वाराला पडल्यात ते बघतो. त्या आठवड्यांत दोन रात्रींपेक्षा कमीचं बुकिंग आम्ही घेत नाही. फोनवरचं माणूस कुरकुरतं, पण घेतं.

ऑक्युपन्सी, म्हणजे एकूण रात्रींपैकी विकल्या गेलेल्या रात्रींचा टक्का, कशी मोजायची? शेजारी ६० टक्के सांगतो, आमची का येत नाही?

चार खोल्या गुणिले ३६५, म्हणजे १,४६० खोली-रात्री तुमच्याकडे विकायला आहेत. समजा मेमध्ये २५ रात्री चारही खोल्या गेल्या: १००. दिवाळीनंतर दहा दिवस: ४०. नाताळ ते ३१ डिसेंबर आठ रात्री: ३२. वर्षातल्या सहा जोडसुट्ट्या, दोन-दोन रात्री: ४८. उरलेल्या कोरड्या महिन्यांतले २२ शनिवार, तीन-तीन खोल्या: ६६. बेरीज २८६, म्हणजे १९.६ टक्के. गावात ह्यालाच 'काय रे, फुल्ल चाललंय तुझं' म्हणतात.

शेजारी ६० सांगतो तो बहुधा खोटं बोलत नाही, मेपुरतं बोलतो. दुसरी एक चलाखी असते. जून ते सप्टेंबर बंद ठेवलं तर ते १२२ दिवस तो भागाकारातूनच काढून टाकतो. मग त्याच २८६ रात्री ९७२ पैकी होतात आणि टक्का २९ वर जातो. टक्का वाढला, गल्ला तेवढाच. बँकेतल्या माणसाला कुठला आकडा द्यायचा ते तुम्ही ठरवा, स्वतःला मात्र १,४६० वालाच सांगा.

आता हे बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशा सतरा आठवड्यांत सोमवार ते गुरुवार एकच खोली गेली, तर ६८ रात्री वाढतात. मेच्या १०० पुढे ६८! दर कमी लावला तरी त्या थंडीत एसी चालत नाही, विहिरीला पाणी असतं, आणि बाईला एका खोलीची साफसफाई करायला अर्धा तास पुरतो. मेसाठी अजून दोन खोल्या बांधायला निघालेल्या प्रत्येकाला मी हाच हिशेब ऐकवतो. ऐकून घेऊन ते खोल्या बांधतातच.

मेमध्ये दर किती वाढवावा?

किती वाढवावा यापेक्षा मेमध्ये काय काय वाढतं ते आधी बघा. एसीचं बिल वाढतं. लाईट जाते, इन्व्हर्टर पंख्यापुरता पुरतो. कामाला माणूस मिळत नाही, कारण सगळे आंब्याच्या बागांत पेट्या भरायला गेलेले असतात, आणि तिथली मजुरी तुमच्यापेक्षा जास्त असते. शिवाय पाणी.

एका मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या विहिरीत पहाटे पोहरा सोडला तर तो 'छपाक' ऐवजी 'खण्ण' वाजला. खाली खडक. चारही खोल्या भरलेल्या, चौदा माणसं, समुद्रावरून आलेली पोरं तीनदा आंघोळ करणारी. त्या दिवसापासून टँकर सुरू झाला तो पाऊस पडेपर्यंत. महिन्याच्या शेवटी बायकोने वही पुढे सरकवली. दर वाढवून जे जास्त कमावलं होतं, त्यातलं बरंचसं टँकरवाल्याच्या पानावर होतं. आता अंगणात समुद्रावरून येणाऱ्यांसाठी एक नळ आणि बादली ठेवलीय, वाळू तिथेच धुवायची. साधी गोष्ट आहे, पण मोठा फरक पडला.

दराचं म्हणाल तर नेहमीच्या दीडपट ठीक. दुप्पट लावला की लोक देतात, पण मग दुप्पट अपेक्षा घेऊन येतात आणि 'एवढे पैसे देऊन लाईट नाही?' हे वाक्य ऐकावं लागतं. जुन्या गिऱ्हाइकाला मेमध्येही जुनाच दर लावावा, असं माझं मत आहे. तेच माणूस जानेवारीत आई-वडिलांना घेऊन येतं.

पाऊस लवकर आला तर मेच्या बुकिंगचं काय?

२०२५ ने हे सगळ्यांना शिकवलं. मान्सून २५ मे रोजीच कोकणात उतरला. एरवी ज्या आठवड्यात आम्ही 'जागा नाही हो' सांगत असतो, त्या आठवड्यात फोन येत होते ते पैसे परत मागायला.

तेव्हापासून २० मेनंतरचं बुकिंग आम्ही वेगळ्या बोलीवर घेतो: पावसामुळे येणार नसाल तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, पण पुढच्या मार्चपर्यंत कुठल्याही साध्या दिवशी ती वापरता येईल. हे बुकिंग घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायचं. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही, आपल्यालाही नाही. यातून साध्या वाराची चार बुकिंगं आपसूक मिळतात, हा वरचा फायदा. मात्र वादळाचा इशारा असेल किंवा रस्ता बंद असेल तर पूर्ण पैसे परत करायचे, तिथे घासाघीस नको.

पावसाळ्यात चालू ठेवावं की बंद?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर तुमच्या घरात पावसाळ्यात कोण असतं यावर आहे.

आधी अडचणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ६१ दिवस. हर्णै बंदरावरचा लिलाव थंड. 'ताजी सुरमई' पाटीवर लिहून बर्फातली वाढणं आम्हाला जमत नाही. मालवणकडचं स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, इकडच्या डॉल्फिनच्या फेऱ्या, सगळं मेअखेरीला बंद होतं. समुद्रात पाऊल टाकायचं नाही हे गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि शहरातली चार पोरं बाटली घेऊन आली असतील तर ती ऐकतीलच याची खात्री नाही. घाटात दरड येते. वरंधा घाट तर पावसाळ्यात कित्येकदा वाहतुकीला बंदच असतो. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते, गाड्या हळू धावतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो बहुतेक या चार महिन्यांतच, हे विसरून चालत नाही.

तरी आम्ही चालू ठेवतो, दोन खोल्या. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक जोडपं आलं होतं, साठीच्या पुढचं. दोन दिवस धो धो पाऊस, लाईट गेलेली. मला लाजल्यासारखं झालं. ताटात काय, तर कुळथाचं पिठलं, भात, टाकळ्याची भाजी आणि आईने चुलीवर भाजलेला सुका बांगडा. ते दोघे पडवीत पागोळ्यांकडे बघत बसून होते. जाताना काका म्हणाले, "लाईट आली नसती तर अजून एक दिवस राहिलो असतो." तेव्हा कळलं की पावसाळ्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं. त्याला समुद्र नको असतो, त्याला पाऊस बघायला कोरडी जागा हवी असते. भारंगी, फोडशी, शेवळं, नदीचे चढणीचे मासे, चुलीवरच्या कुर्ल्या हे त्याला सांगायचं. पोहण्याचे फोटो टाकायचे नाहीत.

घरात माणूस नसेल, केअरटेकरवर सोडून तुम्ही पुण्यात असाल, तर सरळ बंद ठेवा.

मग घाटमाथ्यावर जागा घेतली तर? तिथे पावसाळ्यात गर्दी असते म्हणतात.

असते. आंबोलीचं गणित किनाऱ्याच्या बरोबर उलटं आहे. सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच पावसासाठी जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग. लोणावळ्याचंही तेच. पण डोंगरावर सगळीकडे हे चालत नाही. महाबळेश्वरची मोठी गर्दी पूर्वापार उन्हाळ्याची आणि दिवाळीची. त्यातही पावसाळी गर्दी बरीचशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी असते. ती वडापाव, भजी, कणसं घेते, खोली घेत नाही. रस्त्यावरची गर्दी बघून खोल्या बांधू नका, सकाळी सात वाजता अंगणात किती गाड्या उभ्या असतात ते बघा.

गणपतीत बुकिंग घ्यावं का?

नाही.

चाकरमानी घरी आलेले असतात, त्यांनाच झोपायला जागा पुरत नाही. भजन, आरत्या, गौरी, पाहुणे. मोदक वळायचे की परक्या माणसाचा चहा करायचा? शिवाय ते बाहेरचं माणूस येणार कसं? रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या तारखांची तिकिटं मिनिटांत संपतात. महामार्गावर काय होतं ते दर वर्षी टीव्हीवर दिसतंच. अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभर गाव सुस्त असतं, तेव्हा घर झाडून घ्या.

दर वर्षी तारखा मागेपुढे होतात, त्याचा फरक पडतो का?

पडतो, आणि नवीन लोक हे विसरतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीनंतरची गर्दी अडीच आठवडे पुढे सरकते, अख्खा ऑक्टोबर कोरडा आणि रिकामा राहतो. रंगरंगोटी, पंप दुरुस्ती, कौलं शाकारणं अशा वर्षी ऑक्टोबरमध्ये निवांत करता येतं. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी मात्र भिंती ओल्या असतानाच रंगारी शोधत फिरावं लागतं.

जत्रा, कासव महोत्सव यांनी खोल्या भरतात का?

जागेवर अवलंबून आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. परीक्षांच्या त्या मंद महिन्यांत गावातल्या घरांना पाहुणे मिळतात. आमच्या बाजूला आंजर्ल्यालाही कासवं येतात. एक सांगून ठेवायचं: पिल्लू कधी बाहेर येईल ते पिल्लू ठरवतं. 'दिसलं नाही, पैसे परत द्या' म्हणणारे भेटतात.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मालवण परिसरात खोली मिळणं कठीण, पण तिची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर झाली की त्याच संध्याकाळी फोन सुरू. कुणकेश्वरला महाशिवरात्र, गणपतीपुळ्याला अंगारकी. देवस्थानाचं गिऱ्हाईक एक रात्र राहतं, पहाटे उठतं, शाकाहारी जेवतं आणि एसी मागत नाही. मला आवडतं.

साध्या वारी गिऱ्हाईक आणायचं कुठून?

ज्यांना शाळा नाही त्यांच्याकडून. निवृत्त लोक, ज्येष्ठ नागरिकांचे गट, पाच वर्षांच्या आतली मुलं असलेली जोडपी, पक्ष्यांचे फोटो काढणारे. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे कामाने येणारी माणसं असतात. लॅपटॉप घेऊन काम करणारेही येतात, पण त्यांना 'नेट आहे' असं सांगण्याआधी खोलीत बसून स्वतः एक व्हिडिओ कॉल लावून बघा. आमच्याकडे नेट पडवीच्या डाव्या कोपऱ्यात येतं, म्हणून टेबल तिथे ठेवलंय.

ज्येष्ठांसाठी पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, बाथरूममध्ये धरायला दांडा आणि पायरीला कठडा लागतो. एवढ्या खर्चात जेवढे मंगळवार भरले, तेवढे जाहिरातीने भरले नाहीत.

अ‍ॅपवर टाकावं का? जीएसटी लागतो का?

पहिली दोन वर्षं टाकावं, कारण तुम्हाला कुणी ओळखत नसतं. कमिशन दरात धरून ठेवा. जोडसुट्टीच्या तारखा अ‍ॅपवर उघड्या ठेवायची गरज नसते, त्या तशाही जातात. साधे वार तिथे ठेवा. आणि दोन ठिकाणी एकच खोली विकू नका. एका ३१ डिसेंबरला आमच्याकडे रात्री नऊ वाजता दुसरं कुटुंब दारात उभं राहिलं, तेव्हा आम्ही आमचं माजघर दिलं आणि स्वतः काकांकडे झोपायला गेलो.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर स्वतःची जीएसटी नोंदणी लागत नाही. पण अ‍ॅपवरून बुकिंग झालं तर अशा नोंदणी नसलेल्या घरांचा कर अ‍ॅपवालाच गिऱ्हाइकाकडून घेऊन भरतो. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारला कळवणारा 'सी' फॉर्म २४ तासांत भरायचा, हे विसरू नये.

६० लाखांचा बंगला कर्ज काढून घेतला तर भाड्यातून हप्ता सुटेल?

वरच्याच २८६ रात्री धरा, सरासरी ३,००० रुपये: ८ लाख ५८ हजार. केअरटेकर महिना १५,००० म्हणजे १ लाख ८० हजार. कमिशन १५ टक्के धरलं तर १ लाख २९ हजार. वीज, पाणी, खाऱ्या हवेने गंजणारी ग्रिलं, एसीची दुरुस्ती मिळून दीड लाख. उरले चार लाखांच्या आसपास. ६० लाखांवर ९ टक्क्यांनी नुसतं व्याजच ५ लाख ४० हजार. सुटत नाही. आमचं सुटतं कारण जमीन आजोबांची, स्वयंपाक घरचा आणि मजुरी आम्ही धरतच नाही.

जमीन शेतीची असेल तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि भरतीरेषेपासूनची सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची) मर्यादा तलाठ्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका.

वादळाचा धोका हंगामात धरायचा का?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या दुपारच्या दोन-तीन तासांत काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. सुपारी नव्याने लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. खोल्यांची कौलं महिन्यात बसली, सावली आली नाही. मी आळसाने जुनेच फोटो ठेवले होते. नंतर एका मेमध्ये एका ताईंनी मोबाइल समोर धरून विचारलं, "ही बाग कुठेय?" फोटो दर वर्षी नवे काढा. घराचा विमा घ्या, आणि त्यात वादळ आहे ना ते वाचून घ्या.

जूनमध्ये बंद करायचं ठरलं, तर काय काय करून ठेवावं?

गाद्या भिंतीपासून लांब, खाटेवर उभ्या. उशा-चादरी कडकडीत उन्हात वाळवून पत्र्याच्या ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यासह. पश्चिमेच्या खिडक्यांना झापं नाहीतर जाड प्लास्टिक, नाहीतर झड थेट आत. फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं. कुणाला तरी सांगून ठेवा की पावसाने उघडीप दिली त्या दिवशी दारं-खिडक्या सताड उघडून पंखे लावायचे. आमच्याकडे ते काम काकू करतात आणि त्याबद्दल पैसे घेत नाहीत, श्रावणात चवथ्या खोलीत पापड वाळत घालतात.